ऐन नवव्या महिन्यात बसवलेला कार्ब्युरेटर

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (सकाळपासून गाडीखाली उताणा पडलो होतो, तेव्हा साष्टांगाची बाजू तेवढी उलटी धरावी.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला? इकडे तुमची भाचेसून ठणठणीत आहे. नववा महिना लागलाय आणि 'कधीही निघावं लागेल' असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय. निघायचं कशातून, एवढाच प्रश्न आहे.

त्याचं असं झालं, गाडी महिन्याभरात तीनदा भर चौकात बंद पडली. गॅरेजवाला दर वेळी लॅपटॉप जोडायचा, चेहरा पाडायचा आणि "सेन्सर" एवढंच म्हणायचा. तुम्ही चाळीस वर्षं गॅरेज चालवलंत, पण एकाही गाडीला कॉम्प्युटर दाखवावा लागला नाही. म्हटलं, ऐन वेळी दगा नको. ते कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणारं इंजेक्शन काढून जुन्या पद्धतीचा साधा कार्ब्युरेटर बसवू, बिघडला तर निदान स्क्रू ड्रायव्हरचं तरी ऐकेल. (ही फक्त "आत्ताच?" म्हणाली. त्या एका शब्दात काय काय होतं ते मामी सांगतील.) भंगारवाल्याकडून कार्ब्युरेटर आणला, ठिणगीची जुनी व्यवस्था जुळवली, पंप मात्र होता तोच ठेवला. तिथेच घोटाळा झाला. इंजेक्शनचा पंप पेट्रोल केवढ्या जोराने ढकलतो हे मला ठाऊक नव्हतं, कार्ब्युरेटरलाही नव्हतं. किल्ली फिरवताच तो चहूबाजूंनी ओकायला लागला. मी बॅटरीची वायर उपटली, शेजाऱ्यांची इस्त्री बंद करवली आणि हिला रस्त्यापलीकडे खुर्ची दिली. ती तिथे शांतपणे टोपडं विणत बसली. कळा यायच्या त्या मलाच येत होत्या.

कमी जोराचा पंप बसवल्यावर गाडी सुरू होते, पण चोक ओढून, अकरा वेळा किल्ली फिरवून. वर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद. म्हणजे हॉस्पिटलच्या दारात हिला चालत्या गाडीतूनच उतरावं लागणार.

घरात ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे नमस्कार-आशीर्वाद वाटावेत.

तुमचा,
काळ्या हातांचा भाचा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच हिने हाक मारली. सव्वीस वेळा किल्ली फिरवली. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांची गाडी काढली (इंजेक्शनचीच, पहिल्या झटक्यात सुरू) आणि माझ्या अंगाला पेट्रोलचा वास येतो म्हणून मला मागे ठेवून गेल्या. मी रिक्षाने पोचलो. मुलगी झाली, दोघी सुखरूप. नर्सने तीनदा हात धुवायला लावून मगच बाळ हातात दिलं. फार हलकी आहे हो, मामा.

ता. ता. क. परवा दोघींना घरी आणायचंय. इंजेक्शनचं सगळं सामान खोक्यात जपून ठेवलंय, फक्त कुठली वायर कुठे होती ते आठवत नाही. पाकीट आज रात्रीच्या एसटीने पाठवतोय, उद्याच निघाल का? आणि लॅपटॉपवाला कुणी ओळखीचा असेल तर त्यालाही आणा. हिला मात्र तुम्ही नातीला बघायला आलात असंच सांगू.