पिवळा डबा

४ जून
नळी घातली एकदाची! ओकिरोर आंब्यावरून पडला, मांडीचं हाड मोडलं, वर लघवी अडकली. पिशवी खाटेला लटकते. सिस्टर म्हणाल्या, "ती नातेवाइकांनी ओतायची." इथे इस्पितळात सगळं आपणच करायचं — अंथरूण, धुणं, अंगणात चूल. ओकिरोरला लाज वाटते. "बायकोनं माझं मूत वाहायचं?" म्हटलं, गप पड! माकडासारखं शेंड्यावर चढायला कुणी सांगितलं होतं?

७ जून
तेलाचा पिवळा डबा वरून कापून घेतला. त्यात पिशवीचं तोंड टेकवून ओतते. शेजारच्या खाटेवर एसाबू म्हातारा, त्याला कुणीच नाही, म्हणून त्याचीही पिशवी ओतते. पलीकडे अकुरूतचा बाप. ती पोर दिवसभर बाजारात शेंगदाणे विकते, मग तिच्या बापाचीही. एकाच फेरीत तिघांचं होतं. एसाबू म्हणाला, "पोरी, देव तुझं भलं करो."

११ जून
ओकिरोरला ताप.

१२ जून
थंडीनं खाट हलते. नाचणीचा गोळा तसाच पडलाय. इंजेक्शन सुरू केलं.

१५ जून
दोन औषधं झाली, ताप हटत नाही! डॉक्टर एलुंगाट म्हणाले, "जंतू निर्ढावलेत. ही औषधं त्यांना बाधत नाहीत." मग दुसरं द्या ना! "एकच उरलंय. म्बालेच्या मोठ्या इस्पितळातून मागवलंय." कधी येणार? ते पुढच्या खाटेकडे वळले. एसाबूलाही ताप. अकुरूतच्या बापालाही.

१७ जून
एसाबू गेला. त्याची चादर मीच धुतली.
ओकिरोर मला ओळखेना. "आई" म्हणाला. मी "हो रे" म्हटलं. काय करू मी! एकही दिवस पिशवी तुंबू दिली नाही. देवा, माझं काय चुकलं?

१८ जून
लघवीच्या तपासणीचा निकाल आला. डॉक्टर सिस्टरना सांगत होते, "तिन्ही खाटांवर एकच जंतू. आपल्या पायानं नाही गेला. कुणीतरी इकडून तिकडे नेलाय."
कोण ती निष्काळजी सटवी? सापडू दे, झिंज्या उपटीन तिच्या! माझा नवरा मरतोय!
औषध आलेलं नाही.

१९ जून
सिस्टरनी सगळ्यांसमोर विचारलं, "या तिघांच्या पिशव्या कोण ओततं? कशात?"
अकुरूत लगेच म्हणाली, "आमची मावशी! पोटची लेकही करणार नाही एवढं करते. तिघांचं एकाच डब्यात, एकाच फेरीत."
सिस्टर सोडून सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. डबा माझ्या हातातच होता.