सोलमेच्या छपरांवरून

३ सप्टेंबर
सूत्रसंचालन मिळालं! मला! चाळिसाव्या वर्षी! गावोगावी जायचं, लोकांना स्टेजवर गायला लावायचं, मध्ये मध्ये थट्टा करायची – आणि या कामाला टीव्हीवाल्यांनी लढाऊ विमान चालवलेली बाई निवडली! निर्माते गु म्हणाले, "मेजरबाई, चाचणीत तुम्ही एकट्याच घाबरला नाहीत." घाबरायचं कशाला? माईकच तो.

कर्नल ताकना कळवलं. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली उडाले. "गाण्यांचा कार्यक्रम?" मग म्हणाले, "ताठ उभी राहा."

१९ सप्टेंबर
पहिलं चित्रीकरण. ताठ उभी राहिले. गु म्हणाले, "बाई, सलामी घेताय का?"

१० ऑक्टोबर
चौथं गाव. जमतंय! एका मासळीवालीने स्टेजवरच माझ्या तोंडात सुक्या माशाचा तुकडा कोंबला. भरल्या तोंडाने पुढचं नाव पुकारलं. लोक हसून लोळले. घरी येऊन आरशासमोर स्वतःलाच सलाम ठोकला.

२४ ऑक्टोबर
आज सोलमे. आमच्या हवाई तळाला लागूनच. रोज याच गावावरून उतरायचो.

ओक पिल-सुन नावाच्या आजी गायला आल्या. ऐंशीच्या पुढच्या, गोठा सांभाळतात. माईक दिला, तर मलाच विचारलं, "तू विमान चालवायचीस म्हणे?"
"हो, आजी. अकरा वर्षं."
"आमच्या डोक्यावरून?"
"हो."
"म्हणजे तूच ती! तुमच्या त्या आवाजाने तीनदा गाय गाभडली माझी, वासरं पोटातच गेली."

 गु खालून वादकांना हात हलवतायत – वाजवा, गाणं वाजवा! मी हातातला कागद खाली ठेवला. गुडघे टेकले, कपाळ स्टेजच्या फळीला लावलं. म्हटलं, "वरून नुसती छपरं दिसायची, आजी. निळी, लाल. खाली कोण आहे, कधी विचारलंच नाही. चुकलं."
"ऊठ पोरी, कपडे मळतील. आणि मला गाऊ दे! दोन महिने पाठ करतेय."
गायल्या. एकही सूर जागेवर नव्हता. टाळ्या थांबेनात.

२६ ऑक्टोबर
गु म्हणतात, माफीचं तेवढं कापू. म्हटलं, कापा, मग पुढच्या गावाला दुसरी बाई शोधा. राहिलं!

७ नोव्हेंबर
दुपारी टीव्हीवर दाखवलं. संध्याकाळी कर्नल ताकचा निरोप, एकच ओळ – "वर्दीची लाज काढलीस."
रडले. मग उठून तोंड धुतलं. वर्दीची लाज मला कधी वाटली नाही, आजही नाही. त्या अकरा वर्षांतला एक दिवस कोणाला परत देणार नाही. पण सोलमेत गुडघे टेकले, तेव्हाही मी तीच मेजर होते. तो दिवसही देणार नाही!

८ नोव्हेंबर
सकाळी कर्नल ताकचा फोन.  "आईचा आवाज अजून तसाच आहे गं."
"कोणाच्या आईचा, साहेब?"
"माझ्या. पिल-सुन. गायींचं मला चार वर्षं सांगत होती. ते ऐकायला नको म्हणून मीच घरी जायचं सोडलं."