लाल दिवा लागला की गप्प!

३ जून १९७४

ठरलं! क्लीओफसची रेकॉर्ड निघणार! माझा नवरा सत्तरीला टेकला तेव्हा ह्यूस्टनच्या कंपनीवाल्याला त्याचं दार सापडलं. — हसू नकोस व्हर्नेल, आजी बोलेल ते सगळं उतरवून घे.

एकच कुरबूर. त्या कंपनीवाल्या मिस्टर हॅडलीला नुसतं आम्हा काळ्यांचं ब्लूज हवं. फिडल, म्हणजे आमचं व्हायोलिन, नको. "ते गोऱ्या गुराख्यांचं वाद्य, क्लीओफस. तुमच्या हातात कोण ऐकणार?"

अहाहा! आमच्या म्हाताऱ्याच्या बापाने जन्मभर गुरंच राखली — आणि फिडलही त्यानेच शिकवलं! म्हातारा तर ब्लूज, स्विंग, जॅझ, गोऱ्यांचं गावठी संगीत, सगळं एकाच गाण्यात कालवतो. "फिडल नाही तर मी नाही," म्हणाला. जेवलाही नाही.

५ जून

तडजोड. एक फिडलचं गाणं, तेही एकदाच वाजवायचं. बिनचूक झालं तर घेणार. म्हाताऱ्याने दोनदा वाढून घेतलं.

८ जून

बोमाँटला रेकॉर्डिंग. भिंतींनासुद्धा गालिचे ठोकलेले! टेपवाला पोरगा म्हणतो, "आजी, लाल दिवा लागला की श्वाससुद्धा हळू." बरं बाबा.

दिवा लागला. फिडल सुरू. मधेच साथीदाराचा सॅक्सोफोन घुसला आणि माझे पाय माझे राहिले नाहीत! आता आमच्या चर्चमध्ये वाजवणाऱ्याला ओरडून उत्तर न देणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. जन्माची सवय. निघालं तोंडातून — "वाजव की म्हाताऱ्या, कुणाला भितोस!"

गाणं संपलं, दिवा विझला. टेपवर माझं ओरडणंही उतरलं, म्हणजे गाणं बाद.

गाडीत म्हातारा एवढंच बोलला, "एक गाणंभर गप्प बसवलं नाही तुला?"

नाही बसवलं. व्हर्नेल म्हणते, आजी, तू रडतेस. कांदा चिरतेय. तसंच लिही.

९ जून

चर्चमध्ये तोंड मिटून बसले. पाद्रीबाबा धावत आले — "बहीणबाई, डॉक्टरला बोलवू का?"

१४ जून

मिस्टर हॅडलीचा फोन! म्हाताऱ्याने ऐकला, तोंड माशासारखं उघडलं आणि फोन माझ्या हातात दिला. हॅडली आठवडाभर तेच गाणं लावून बसलाय म्हणे, माझ्या ओरडण्यासकट. बाकीच्या गाण्यांतही आजी हवी!

म्हटलं, "येते की. पण मी फक्त फिडललाच उत्तर देते."