तपासणाऱ्याचा रकाना

करामा, दुबई
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय रॉक,

देवाच्या दयेने ऑस्कर आणि मी, आम्ही दोघं नवराबायको ठीक आहोत. तुम्ही सगळे मजेत असाल असं पुढे लिहिणार होते, पण तसं नाही हे मला ठाऊक आहे. तुझी लेक ट्रेसी फोनवर सगळं सांगते. तू सांगू नकोस म्हटलेलंही.

इथे सध्या सकाळी धुकं असतं. मेट्रोतून शेख झायेद रोडच्या इमारतींची फक्त डोकी दिसतात, खाली सगळं पांढरं. कुणी ड्रॉइंगच्या शीटवर वरची बाजू काढली आणि बाकीची काढायची राहून गेली, तसं. बघता बघता माझं अल बर्शाचं स्टेशन कधीकधी निघून जातं.

अल बर्शाला माझं कॉलेज आहे, रॉक. मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी, दोन वर्षांचा डिप्लोमा. ऑफिसातून निवृत्त झाले त्याच महिन्यात फॉर्म भरला. ऑस्कर म्हणाला, चला, आता घरातल्या एसीची घरघर तरी तू थांबवशील. दुसऱ्या दिवशी तोच वर्कशॉपचे बूट घेऊन आला. बायकांच्या मापाचे मिळाले नाहीत, म्हणून पुढे कापसाचा बोळा घालून वापरते.

वर्गात सगळी एकोणीस-वीसची. माझ्या शेजारी उमैमा बसते. आईवडील रत्नागिरीचे, ही इथेच जन्मलेली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि खाऊ मात्र दोघींचा एकाच डब्यात असतो.

मागच्या महिन्यात आम्हाला जोडीने काम दिलं. एकीने हाताने ड्रॉइंग काढायचं, दुसरीने फक्त ते बघून वस्तू बनवायची. मी चालायच्या काठीची मूठ काढली, अंगठ्यासाठी एका बाजूला खाच असलेली. कुणासाठी ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. उमैमाने ती पांढऱ्या नायलॉनमधून सुरेख कापली. हनीफ सरांनी हातात धरली, फिरवली, पुन्हा धरली. मूठ उलटी झाली होती. आरशातली.

उमैमा माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, आय जस्ट फॉलोड आंटीज ड्रॉइंग."

सरांनी शीट मागवलं आणि हसले. "मॅडम, ये तो पुराना इंडियन तरीका है. किसने सिखाया आपको?"

"मेरे भाई ने," मी म्हटलं.

आठ वर्षांच्या अबोल्यानंतर माझ्या तोंडून तू असा निघालास, रॉक, आणि तेही हिंदीत.

इथे अमेरिकन पद्धत आहे. उजवीकडून जे दिसतं ते उजवीकडेच काढतात. आपण ते डावीकडे काढायचो. सर म्हणाले, दोन्ही बरोबर आहेत, फक्त आपण कुठल्या बाजूने बघतोय ते शीटवर सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं.

तू मला कसं शिकवलं होतंस आठवतं? आईची कोळशाची इस्त्री टेबलावर ठेवलीस. दुपारचं ऊन उजव्या खिडकीतून येत होतं, आणि इस्त्रीची सावली डाव्या भिंतीवर. "कॅथी, सावली पडते तिथे काढायचं," म्हणालास, "मग चुकणार नाहीस." मी चुकले नाही. तुझ्या डिप्लोमाची सोळा शीटं मी काढली, तू आडवा पडून फुटबॉलची कॉमेंटरी ऐकायचास, आणि खाली "ड्रॉन बाय"च्या रकान्यात मी तुझं नाव लिहायचे. कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात. मला त्यात काही वाटायचं नाही. खरंच नाही. मला ती दुपार फार आवडायची.

दोन वर्षांनी मी त्याच कोर्सचा फॉर्म आणला तेव्हा बाबा म्हणाले, लेथवर पोरीचं काय काम. तू ताटातला भात कालवत राहिलास. मी टायपिंगला गेले.

तेही मी विसरले होते म्हण. पण आठ वर्षांपूर्वी, आई गेल्यावर चर्चमध्ये तिच्या महिन्याचा मिसा झाला, त्यानंतर पाहुणे तुझ्या वर्कशॉपमध्ये आले, भिंतीवर फ्रेम केलेली ती शीटं बघून वा वा म्हणाले, आणि तू म्हणालास, "तेव्हा हात चांगला होता माझा." मी चहाचा कप ठेवला आणि निरोप न घेता विमानतळावर गेले.

त्या वाक्याचा मला राग होता. तुझ्या हाताचा नव्हता रे. ट्रेसीने तुझ्या लकव्याचं सांगितलं तेव्हा मी ऊद मेथाच्या चर्चमध्ये जाऊन बसले, आणि कन्फेशनला रांगेत उभी राहून परत आले. काय सांगणार होते?

ती मूठ मी तुझ्यासाठीच काढली होती. कुठला हात गेला हे विचारायचं धाडस झालं नव्हतं. मनात तुझा पेन्सिल धरलेला उजवा हातच होता, म्हणून उजव्याचीच काढली. वर्गातून बाहेर आल्यावर ट्रेसीला फोन लावला आणि विचारलं. ती म्हणाली, "राइट साइड, आत्या. पप्पा काठी डाव्या हातात धरतात."

मी कॉरिडॉरमध्ये त्या उलट्या मुठीकडे बघत बसले. उमैमा म्हणत होती, आंटी, मी दुसरी करून देते. मी म्हटलं, खलास, पुरे, हीच हवी.

तुझीच पद्धत, रॉक. सावली डावीकडे पडली.

ट्रेसीची मैत्रीण रविवारी वसईला येतेय, तिच्याबरोबर मूठ पाठवतेय. कुठल्याही काठीला बसेल. सोबत शीटही आहे. खाली बघ. "ड्रॉन बाय"मध्ये या वेळी माझं नाव आहे. तिथे स्वतःचं नाव लिहायची सवय नाही, अक्षर बिघडलंय. त्याच्या शेजारचा "चेक्ड बाय"चा रकाना मी कोरा ठेवलाय. सरांनी सही करायला पेन काढलं होतं, मी शीट मागे घेतलं.

तिथे तू सही कर. डाव्या हाताने, वाकडी आली तर येऊ दे. सावकाश कर. माझा कोर्स दोन वर्षांचा आहे.

तुझी,
त्या सोळा शीटांवर जिचं नाव नाही ती
कॅथी