उमरावाची उरलेली दहा मिनिटं

धुळे, रवि. १२ फेब्रु. ८९
दुपारी खिडक्या लावून पुन्हा तीच भाड्याची कॅसेट. विलायतेतला जुनापुराणा काळा-पांढरा भयपट, नाव इकडे कुणी ऐकलेलं नसेल. धुकं म्हणजे उघड उघड धूर. त्यातला दुष्ट उमराव एकेक वाक्य चघळून बोलतो, मिशी पिळतो, रिकाम्या हवेलीत स्वतःशीच गडगडाटी हसतो. भीती वाटतच नाही. दुष्टपणासुद्धा इतका जीव ओतून करतो, तेच आवडतं.

खालच्या घरमालकीण अक्कांना बघायला बोलावलं. भुताखेताचं नको म्हणाल्या. स्टाफरूममध्ये तर सांगायची सोय नाही. गणिताच्या बाई अन् असले सिनेमे! एकटीने हसायचा कंटाळा आलाय.

गुरु. १६
अक्कांच्या भाचीचं लग्न, यावलला. शूटिंगला कोण चांगलं, विचारत होत्या. माझा व्हिडिओ लायब्ररीवाला लग्नाचं शूटिंगही करतो, त्याचं नाव सुचवलं. खूश. लग्नाला चला म्हणाल्या. चाळिशीतल्या बिनलग्नाच्या बाईला मांडवात काय काय विचारतात ते... नाही म्हटलं.

शुक्र. १० मार्च
लायब्ररीत कॅसेट मागितली. "ती पुसली ना ताई. तुमच्याशिवाय कोणी नेतच नव्हतं." तिच्यावर यावलचं लग्न उतरवलंय. म्हणजे मीच हाताने घालवली. घरी येऊन रडले. सिनेमासाठी रडायचं वय आहे का हे.

रवि. १९
अक्का लग्नाची कॅसेट घेऊन वर आल्या, त्यांच्याकडे व्हीसीआर नाही. हळद, वरात, पंगती. प्रत्येकाचं नातं सांगून झालं. पाठवणीला डोळे पुसले. मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. बंद करायला उठले, तर उमराव! कॅसेटची शेवटची दहा मिनिटं लग्नाला लागलीच नव्हती. सगळे त्याला सोडून गेलेत. लांबलचक टेबलावर दोन ताटं मांडून बसलाय, समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतोय. इथे मी नेहमी हसायची.

अक्का हसल्या नाहीत. आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "तो भूत नही शे, बाई. एकला शे."

बंद करायला उठलेली मी परत बसले.

"याना बठ्ठा लोक कोठे गयात?"

त्याची सगळी माणसं आधी होती, म्हटलं, आता पुसली गेली. तर म्हणाल्या, तुम्हाला माहीत आहे ना, मग सुरुवातीपासून सांगा.

सांगायला लागले. मिशी पिळून, आवाज काढून. धुक्यातून बग्गी हवेलीपाशी आणली तेवढ्यात खाली दूधवाला आला. अक्का उठल्या. जिन्यातून म्हणाल्या, राहिलेलं नंतर ऐकते. कधी, ते विचारायचं राहिलं.