न्यायाधीशाची तीन मिनिटं

मंगळवार, ६ मे

दिग्दर्शकाचा फोन. कॉलेजात आमची नाटकं हाच बसवायचा. आता मोठ्या शहरात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. माणसांना डावीकडे वळ, उजवीकडे वळ सांगण्याची हौस एकूण सुटलेली नाही. शनिवार-रविवार जुनी मंडळी त्याच्याकडे जमतायत. शनिवारी संध्याकाळी घरच्यांसमोर आपल्या नाटकाचा शेवटचा प्रवेश करायचा आहे. हिरोचा पाय मोडलाय. म्हणाला, बाबा रे, तू येच, तुझ्याशिवाय जमायचं नाही.

अर्थ उघड आहे. हिरोची भूमिका मी करायची. बिचारा स्पष्ट बोलायला संकोचला.

बुधवार, ७ मे

सव्वीस वर्षांपूर्वी त्या नाटकाचे अकरा प्रयोग झाले. अकराही वेळा मी विंगेत, हातात वही. प्रॉम्प्टर. न्यायाधीश बाप स्वतःच्या मुलाला शिक्षा सुनावतो, ते तीन मिनिटांचं भाषण हिरोला कधीच पाठ नव्हतं. मी ओळ पुरवायचो, तो गरजायचा. बक्षीस त्याला. पत्रिकेत माझं नाव सगळ्यांत शेवटी, खुर्च्या भाड्याने देणाऱ्याच्या जरा वर.

रंगमंचावर मी एक शब्दही बोललेलो नाही. दोन अंकांच्या मधे टेबल ठेवायला गेलो होतो. अंधारात.

भाषण अजून तोंडपाठ आहे. आवाजाचं म्हणाल तर छापखान्यात माझं कामच मूळ प्रत वाचून दाखवण्याचं. मी वाचतो, समोरचा मुद्रितशोधक छापलेल्या कागदावर बोट फिरवतो. शेजारच्या टेबलाला त्रास नको म्हणून हळू. रोज सहा तास, एकवीस वर्षं. इतकी साधना कुठल्या नटाने केली असेल?

गुरुवार, ८ मे

उद्यापासून रोज एक तास मोठ्याने सराव करायचा ठरवलं. आजपासूनच करणार होतो, पण बॅग भरायची होती.

जेवताना हिला भाषण म्हणून दाखवलं. शेवटी ही म्हणाली, अहो, मघापासून काही म्हणत होतात का? हिला नाटकाची आवड पहिल्यापासून नाही.

शुक्रवार, ९ मे, सकाळी ७.४०, गाडीत

ठरवलं होतं, चार तास खिडकीशी बसून फक्त भूमिकेचा विचार. खिडकी मिळाली नाही.

९.१५. तीनदा पूर्ण भाषण म्हटलं. समोरच्या आजींनी नातवाला दटावलं, गप्प बस, काका प्रार्थना करतायत. मग हळूच मला विचारलं, घरात कोणी आजारी आहे का? माझ्या आवाजातलं कारुण्य पोचतंय.

शुक्रवार, संध्याकाळ

स्टेशनवर घ्यायला दिग्दर्शक आला होता. डोक्यावर केस नाहीत, गाडीवर मोठा ‘L’. शिकाऊ ड्रायव्हर चालवत होता, हा शेजारी बसून ब्रेक दाबत होता. सगळा रस्ता माझ्याशी एक वाक्य धड बोलला नाही.

त्याच्या घरी हिरो सोफ्यावर, उजवा पाय प्लास्टरमध्ये. हल्ली पाण्याच्या टाक्या विकतो. आवाज तसाच, टाकीतून आल्यासारखा. मला बघून म्हणाला, आले आमचे वहीमहाराज. सगळे हसले. हिरॉइन आता दातांची डॉक्टर आहे. हसताना माझे दात बघत होती.

मग कळलं की मला प्रॉम्प्टिंगसाठीच बोलावलंय. हिरो खुर्चीत बसून भाषण करणार आणि मी खुर्चीमागे दडणार. सव्वीस वर्षांत या लोकांची काडीची प्रगती नाही.

मी काही बोलणार नव्हतोच. पण हिरोनेच मोडता घातला. न्यायाधीश त्या प्रवेशात उभा असतो, बसून केलं तर लोक पायाकडे बघतील, मी करत नाही, म्हणाला. दिग्दर्शकाने हातापाया पडून पाहिलं. हिरो घाम पुसत नाही नाही करत राहिला. शेवटी मी म्हटलं, मी करतो. पहिल्यांदा कोणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हटलं.

डॉक्टरीण म्हणाली, करू दे ना त्याला, तीन मिनिटांचा तर प्रश्न. हिरो म्हणाला, कर बाबा, तुझी पण हौस फिटू दे.

बिनविरोध निवड.

शनिवार, १० मे, दुपारी १.००

सकाळची तालीम झाली नाही. दिग्दर्शकाला दोन विद्यार्थ्यांची टेस्ट, डॉक्टरणीला कोणाची तरी अक्कलदाढ. हिरो फोनवर टाक्या विकत होता. या लोकांना कलेशी देणंघेणं नाही. बरंच झालं. तालमीत नट शिळा होतो.

मोठ्याने सरावाचा एक तास राहिलाय. परक्याच्या घरात ओरडणं बरं दिसत नाही. बाथरूममध्ये नळ सोडून मनातल्या मनात केला.

शनिवार, संध्याकाळी ५.३०

ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग. मागे भिंतीवर सगळी वाहतुकीची चिन्हं, कोपऱ्यात कापलेलं इंजिन. चाळीसेक माणसं. हिरोला पहिल्या रांगेत बसवलंय, पाय स्टुलावर. मुद्दाम समोर बसलाय. बघू दे.

शनिवार, रात्री ८.००

नीट लिहायला हवं, नाहीतर उद्या प्रत्येक जण आपल्या सोयीने सांगेल.

डॉक्टरीण आईच्या भूमिकेत रडली, बाजूला झाली. मी पुढे आलो. पहिली ओळ म्हटली. उत्तम म्हटली. समोर शांतता. मला वाटलं, पकडलं लोकांना. एवढ्यात पहिल्या रांगेतून हिरोने तीच ओळ खणखणीत म्हटली.

लोक हसले. तोही दचकला, तोंडावर हात ठेवला.

मी दुसरी ओळ म्हटली. घशात सगळा जोर लावला होता, हे माझं मला माहीत. मागून कोणीतरी म्हणालं, काका, आवाज. आणि हिरोने दुसरीही ओळ म्हणून टाकली. थांबवता येत नव्हतं त्याला, बहुतेक.

तिसऱ्या ओळीला मी गप्प राहणार होतो. पण तो माझ्याकडे बघत होता. अकरा प्रयोगांत विंगेकडे बघायचा, तसा. मी ओळ दिली.

पुढे कोणी हसलं नाही. त्याचा श्वास कुठे संपतो ते मला अजून माहीत आहे. तिथे तिथे वाक्य तोडून देत गेलो. ‘माझ्या मुला’च्या आधी तो आवंढा गिळतो, तेवढं थांबलो. दिग्दर्शकाची आई डोळे पुसत होती. शेवटच्या ओळीला हिरो एका पायावर उभा राहिला. टाळ्या थांबेनात. वाकून नमस्कार करायला गेला आणि कलला. मी धावत जाऊन धरला, नाहीतर दुसराही मोडून घेतला असता.

भूमिका माझी होती, हे प्रेक्षकांना कळलं नाही. प्रेक्षकांची पातळी खालावली आहे.

रविवार, ११ मे, सकाळी

इतर उठायच्या आत हिरो खुरडत स्वयंपाकघरात आला. मी चहा करत होतो. म्हणाला, पायाचं निमित्त होतं रे. महिनाभर घोकलं, दोन ओळींपुढे जाईना. तू असलास तरी लोकांसमोर अडकलो असतो तर काय, अशी धास्ती बसली. काल तू समोर तोंड हलवलंस आणि सगळं आलं. मग म्हणाला, साखर जरा जास्त टाक.

साखर टाकली.

रविवार, दुपारी ३.१०, गाडीत

निर्णय: या मंडळींशी संबंध संपला. माणसाला हाताशी धरायचं, राबवायचं आणि टाळ्या आपण घ्यायच्या. खिडकी मिळाली आहे. भाषण म्हटलं नाही.

सोमवार, १२ मे, सकाळी ११.००, छापखाना

दिग्दर्शकाचा निरोप. पुढच्या वर्षी पूर्ण नाटक, मोठं थिएटर. हिरो म्हणतो, तो येणार असेल तर मी उभा राहतो. तुझ्यासाठी या वेळी बाजूला नीट पडदा लावू, खुर्चीही देऊ.

म्हणजे पुन्हा तेच. मलाही मान आहे. विचार करून कळवतो, असं थंडपणे लिहिलं. निदान महिनाभर उत्तर द्यायचं नाही.

११.०४. येतो म्हणून कळवलं. पडदा फार जाड नको, आवाज अडतो.