नैवेद्याची ब्लॅकबेरी

बॉथेल, अमेरिका, ऑगस्ट १९८६

प्रिय ताईस वाकून नमस्कार,

मी ठणठणीत आहे. आपल्या कॉन्व्हेंट शाळेच्या कपाटातली व्हिक्टोरिया राणीच्या वेळची वर्तमानपत्रं आठवतात? काटेरी झुडपांतली ब्लॅकबेरीची फळं वेचताना कुणाचा झगा फाटला, हीसुद्धा बातमी! ती ब्लॅकबेरी इथे रस्त्याकडेला माजली आहे.

काल वाटीभर वेचून देवापुढे ठेवली. आपल्या श्रीरामने ती सरळ कचऱ्यात टाकली.

"आई, त्यावर औषध फवारतात. स्टोअरमधून आणतो ना!"

अगं, नैवेद्य होता तो! काळजीपोटीच केलं, कळतं मला. पण मला वेचायची होती. इथे गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. पायी जाण्याजोगं तेवढंच होतं. आता तिकडेही जायचं नाही म्हणे.

तुझे गुडघे कसे आहेत? जमतंय तोवर भाजी आणायला स्वतःच पायी जात जा गं.

तुझीच,
वसुधा